झाकण काढल्यावर

माझ्या वडिलांच्या, म्हणजे नानांच्या, उजव्या हाताला तीनच बोटं आहेत. दोन कापसाच्या जिनिंग कारखान्यात गेली. कापसाच्या हंगामात मशीन थांबवायचं नाही, म्हणून पट्ट्यावरची जाळी काढूनच ठेवलेली असायची. पट्टा घसरायला लागला की पकड यावी म्हणून चालत्या पट्ट्यावर राळ टाकायची. सगळेच तसं करायचे. घरात मात्र म्हणत, नानांचंच लक्ष नव्हतं. मीही तेच मानत आले. आजही नाना पिठाच्या गिरणीत पाय ठेवत नाहीत, दळणाचा डबा दारातूनच देतात. दुधानं तोंड पोळलं की ताक फुंकून पितात, नाना तर पाणीही फुंकतील, असं मी चिडवायचे.

आणि त्यांची मुलगी मी, जळगावला मेहरूणच्या एका गॅरेजात बॅटरीवरच्या मोटारसायकली दुरुस्त करते. यांना चेन नसते, दातेरी रबरी पट्टा असतो. त्यावरची झाकणं काढणं हे माझं रोजचंच काम. नानांना हे कळलं तसे ते एरंडोलहून मिळेल त्या एसटीनं आले, तेही तिथल्या एका कापडदुकानात माझ्यासाठी नोकरी ठरवून. राग माझ्या नाकावरच असतो. म्हटलं, आधी काम बघा, मग न्या.

फैजपूरच्या एका केळीवाल्यानं गाडी आणून सोडली होती. चाक फिरलं की कटकट वाजायचं. मी चावी काढून खिशात टाकली, गाडी स्टँडवर घेतली. वरचं झाकण सहज निघालं. खालचं वाळल्या चिखलानं गच्च बसलं होतं. ते ओढलं तर तुटतं, म्हणून हलवत हलवत सोडवलं. पट्टा उघडा पडला तसे नाना बाकावरून उठले. मला वाटलं, आता बाहेर जाणार. ते जवळ आले.

"चावी कोनाजोडे शे?"

"मन्हा खिसामा."

त्यांनी ती दाखवायला लावली. मी दाखवली.

"आम्हना टाईमले बटन दुसराना हातमा व्हतं," नाना म्हणाले.

त्या दिवसाबद्दल ते एवढंच बोलले, तेही इतक्या वर्षांनी. म्हणजे मशीन थांबवणं त्यांच्या हातात नव्हतंच. माझ्या चिडवण्याची मला लाज वाटली. मी हातानं चाक फिरवलं. पट्ट्याच्या दात्यात हरभऱ्याएवढा खडा रुतला होता, तो काढला. नाना माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि तीन बोटांनी पट्टा दाबत गेले. थोडा ढिला आहे म्हणाले. मी मोजून पाहिला, खरंच ढिला होता. माझ्या कामाचा मला अभिमान होताच, पण त्या क्षणी नानांचा त्याहून जास्त वाटला.

पट्टा ताणून मी झाकणं बसवायला घेतली. नानांनी तिथूनच कापडदुकानवाल्याला फोन लावला आणि मी येणार नाही म्हणून सांगितलं. पलीकडून त्यानं कारण विचारलं असावं.

"मन्ही पोर मिस्तरी शे," नाना म्हणाले.