पोरीनं पाणी कुठं मागितलं?

जेवण झालं की दुपार अंगावर येते. आज वरणफळं केली होती, त्यामुळे पापण्यांना जरा जास्तच वजन आलंय. दिवाणावर आडवी होते. उशाशी स्टुलावर दोन माहितीपत्रकं शेजारी शेजारी ठेवलेली. दोन खासगी विद्यापीठांची. एक टेकडीच्या अलीकडचं, एक पलीकडचं. आमच्या शलाकाला दोन्हीकडे टेक्स्टाइल डिझाइनला प्रवेश मिळालाय, आणि उद्या दुपारी बाराच्या आत एकाला होकार कळवायचा आहे.

आठ दिवस झाले. ती म्हणते, "आई, तूच सांग." मी म्हणते, "तूच ठरव, शिकायचंय तुला." तिच्या बाबांनी तक्ता केला. वसतिगृह, ग्रंथालय, शिक्षक, हातमाग, सगळ्याला गुण दिले. बेरीज अठरा-अठरा आली. दोन्ही माहितीपत्रकांवर तीच हिरवळ, तेच कारंजं, आणि झाडाखाली लॅपटॉप घेऊन हसणारी पोरगीसुद्धा बहुतेक तीच.

पंखा फिरतोय. त्याची घरघर हळूहळू जात्याची होते. आणि जात्याच्या पलीकडून कुणीतरी म्हणतं,

"उजे, सरक की जरा. सगळा दिवाण अडवून निजलीस."

अनसाआत्या. माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिला जाऊन चौथं वर्ष चाललंय. हिरवं इरकल, ठसठशीत कुंकू, आणि हातात तिचा फिरकीचा पितळी तांब्या, झाकण फिरवून घट्ट बंद करायचा, प्रवासाचा. मला नवल कसं ते वाटत नाही. उलट रुसवा येतो.

"इतक्या उशिरा आलीस?"

"बोलावलंस कधी? आठ दिवस नुसती उसासे टाकतीस. उसाशाला काय गाडी लागती व्हय?"

ती माझ्या पायाशी टेकते. दिवाण करकरत नाही.

आमच्या घराण्यातल्या अकरा मुलींची स्थळं आत्यानं पाहिली. पाहुणी म्हणून गेली तरी बैठकीत बसायची नाही. मुलीला घेऊन सरळ स्वयंपाकघरात जायची आणि पाण्याच्या रांजणावरचं झाकण उचलायची. आत्या पाण्यावरून घर ओळखते, असं सगळे म्हणत. अकराच्या अकरा सुखात आहेत. निदान भांडल्यावर हसतात तरी.

"दोन स्थळं आल्यात म्हणं," आत्या विचारते.

"स्थळं नाहीत गं. विद्यापीठं."

"त्येच त्ये. बसवलंस कुठं त्यांना?"

मी मान वळवते. हॉलमध्ये सतरंजीवर दोघं बसलेत, खांद्याला खांदा लावून. दोन उंच इमारती, काचेच्या घुमटांवर फेटे बांधलेल्या. पुढ्यात पोह्यांच्या बश्या. एकाची हिरवळ सोफ्याखालून पसरत माझ्या चपलांपर्यंत आलीये.

"काय पाव्हणं, काय शिकवता?" आत्या विचारते.

"आमच्याकडे जागतिक दर्जाच्या..." पहिलं सुरू करतं.

"आमच्याकडेही," दुसरं म्हणतं.

"आमचे विद्यार्थी..."

"आमचेही."

आत्या माझ्या कानाशी लागते. "जुळी हायत का गं?"

मला हसू आवरत नाही. पदर तोंडाशी धरते, आणि पदर धरताना कळतं की आपण विद्यापीठाच्या फाटकात उभ्या आहोत. पहारेकऱ्याच्या डोक्यावरही फेटा. समोर कारंजं गगनाला भिडलेलं. आत्या कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघते, आणि जात्यावर बसल्यासारखी अंगानं डुलत म्हणते,

"दारात गं थुई थुई, पाणी नाचतं कुणासाठी
तहानली लेक माझी, उभी कोरड्या गं ओठी"

कारंजं एकदम वरमतं. गुडघ्याएवढं होतं.

त्याच्या मागे तासगावचं स्वयंपाकघर आहे. माझ्या सासूबाईंचं. लग्न ठरायच्या आधीची मी, बावीस वर्षांची, चिंतामणी रंगाच्या साडीत, पाटावर बसलेली. चुलीवर दूध, खिडकीत कढीपत्ता. आत्या रांजणापाशी उभी, हातात झाकण. सासूबाई, त्यांची जाऊ, दोघी तिच्याकडे टक लावून बघतायत, आता ही काय खोड काढते म्हणून. आणि त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू येतो.

"थोडं पाणी मिळेल का?"

सासूबाई पेला देतात. मी गटागटा पिते. म्हणते, "अजून एक."

आत्या झाकणाआडून बघते. रांजणात नाही. माझ्याकडे.

"आत्या! तू पाण्यात बघत नव्हतीस?"

"पाण्यात काय बघायचं? पाणीच असतंय." ती इतकी हसते की हातातल्या तांब्याचं झाकण खुळखुळतं. "झाकण उचललं की घरची समदी माझ्याकडं बघत बसायची. मग मला पोरीकडं नीट बघता यायचं."

"म्हणजे इतकी वर्षं..."

"कराडचं स्थळ आठव. केवढा बंगला! दोन तास बसलीस, ओठ सुकून खडखडीत. पेला पुढं केला तरी 'नको, तहान नाही.' मी उठले. इथं घडीभरात दोन पेले मागितलेस. माणूस पाणी कुठं मागतं, उजे? जिथं त्याला भ्या वाटत न्हाई तिथं."

"आणि आम्ही म्हणायचो, आत्यानं ठरवलं."

"मी कुठं ठरवलं? ठरवलं तुम्ही. मी नुसतं बघितलं." ती तांब्या पुन्हा घट्ट करते. "आता सांग. दोन्हीकडं जाऊन आलीस न्हवं पोरीला घेऊन? पोरीनं पाणी कुठं मागितलं?"

मी आठवते. ग्रंथालयाच्या पायऱ्या आठवतात. वसतिगृहाच्या खिडक्यांच्या जाळ्या, लिफ्टवरची पाटी, खानावळीची वेळ. सगळ्या भिंती आठवतात. भिंतींपुढे उभी असलेली माझी पोर आठवत नाही.

"मला... माहीत नाही गं."

आत्या माझ्या गालावर टिचकी मारते. "मग इचार की तिला! त्यासाठी मेलेल्या माणसाला तासगावपातुर चालवतीस?"

स्वयंपाकघर मावळतं. आम्ही परत दिवाणावर. आत्या तांब्या स्टुलावर ठेवते, पदर सारखा करते.

"थांब ना. चहा टाकते."

"नको, खोळंबल्यात तिकडं. एकीला स्थळ आलंय."

"तिकडंसुद्धा?"

"तिकडं काय, माणसंच हायत." ती तांब्या उचलते. चालता चालता गुणगुणते, आणि शब्द तिच्या मागं रेंगाळतात,

"पुसू नको गं साजणी, किती मोठं घरदार
पाणी मागे जिथं लेक, तिथं तिचं गं माहेर"

जातं घरघरतं. जातं म्हणजे पंखा. चार वाजलेत, उन्हाची पट्टी दिवाणाच्या कडेला आलीये, आणि शलाका दारात उभी आहे.

"आई, झोपेत काय हसत होतीस गं?"

मी उठून बसते. "शलू, आपण तिथं गेलो होतो ना, दोन्हीकडे. तू पाणी कुठं मागितलंस?"

"हे काय विचारतेस?"

"सांग तर."

ती कपाळाला आठी घालते. "अलीकडच्यांनी आल्या आल्या बाटली दिली हातात. ती अजून फ्रीजमध्ये आहे बघ, उघडलीच नाही." मग आठी सुटते. "पलीकडे मागितलं. रंगाईच्या शेडमध्ये एक ताई होत्या, कोपरापर्यंत निळ्या. मी म्हटलं, ताई, प्यायला पाणी आहे का? त्या म्हणाल्या, डावीकडचा माठ पाण्याचा, उजवीकडचा निळीचा. चुकलीस तर दिवाळीपर्यंत निळी जीभ घेऊन फिरशील!" ती हसायला लागते. "दोनदा प्याले मी. तुम्ही दोघं मला शोधत फिरत होता, आणि मी तिथंच बसलेली, त्यांच्याकडून रंगवायच्या कापडाला गाठी मारायला शिकत..."

बोलता बोलता थांबते. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळत जातं, आणि या वेळी मी भिंतीकडे बघत नाही.

"आई," ती हळूच म्हणते. मग जोरात, आतल्या खोलीकडे तोंड करून, "बाबा! तो तुमचा तक्ता फाडा!"

"अगं, पण कुठलं ठरलं?" आतून आवाज येतो.

"पलीकडचं!"

ती माहितीपत्रक घ्यायला वाकते, आणि थबकते. "आई, हे ओलं कुणी केलं?"

शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन्ही कागदांवर मिळून एक गोल उमटलाय. तांब्याच्या बुडाएवढा. अर्धा अलीकडच्यावर, अर्धा पलीकडच्यावर, अगदी बरोब्बर मधोमध. फिरकीचा तांब्या आत्याच्या सुनेकडे आहे, बार्शीला.

मी बोट टेकवते. पाणी गार आहे.