कमलमावशी गेली आणि टायगर जेवेना

सकाळी तिचा व्हॉइस मेसेज आला होता. मागं बायडी मांजर ओरडत होती, कुणीतरी बादली आपटली, आणि मावशी म्हणत होती, "पिंके, शिताफळाचे डोळे उघडून राहिले बघ. येतीस का न्हाई? मग म्हणशील, वानरांनी खाल्ले." मी पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये. टाइप केलं, "दिवाळीला येते गं, ठेव दोन." दुपारी मामाचा फोन. "अक्का गेली," एवढंच बोलला. मी विचारलं, कुठं गेली? खरंच असं विचारलं मी... वाटलं बाजाराला गेली असेल, फोन घरी विसरली असेल. झेंडू तोडता तोडता बागेतच खाली बसली आणि संपलं. हार्ट अटॅक. साधी बीपीची गोळी नव्हती तिला. काही आठवडे झाले, तरी हे टाइप करताना बोटं थांबतात, की मी हे कुणाबद्दल लिहितेय?

वारंगा फाट्याच्या अलीकडं, रस्त्याला लागून तिचं गेस्टहाऊस. गेस्टहाऊस म्हणजे चार पत्र्याच्या खोल्या, पुढं ओसरी आणि ओसरीपुढं बाग. काका वारल्यावर तिनं आधी फाट्यावर चहाची टपरी टाकली. मग ट्रकवाले म्हणायला लागले, मौसी, अंग टाकायला जागा दे, तशी एकेक खोली वाढत गेली. पाऊस उघडला की मला तिथं जायचंच असायचं. शेजारच्या वावरात हळद माझ्या कमरेच्या वर, सोयाबीन पिवळं पडत आलेलं, आणि पंजाबातून हार्वेस्टर घेऊन येणारे सरदारजी खोल्यांमध्ये. दरवर्षी तेच. ते हिंदीत बोलायचे, मावशी मराठीत, आणि बराबर जमायचं. त्यांच्यातले म्हातारे करतारजी म्हणायचे, "मौसी, आपका टायगर तो बिल्ली से डरता है." खरं होतं. बायडी त्याच्या पाठीवर झोपायची आणि हे एवढं मोठं तांबडं कुत्रं हलायचं नाही. मावशी म्हणायची, "व्हय, आन् तुमी बायकोला डरता. मी काही म्हणले का?" करतारजी मराठी न कळल्यासारखं करायचे आणि मिशीत हसायचे.

मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं. शिरड शहापूरहून आलेला मामा म्हणाला, खोल्या बंद करू, बायडी शेजारी देऊ, टायगरला मी नेतो. पण टायगर जेवतच नव्हता. शेवंतीच्या वाफ्यात पडून राहायचा, पाणी तेवढं प्यायचा. आमच्या कुणाच्या तोंडात घास जात नव्हता, पण मुक्या जिवाचे हाल काहून करायचे, म्हणून मी सगळ्यात आधी त्याचं ताट वाढायचे. दूध, अंडं, मटणसुद्धा. वास घ्यायचा आणि मान वळवायचा. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, दुखणं काही नाही, पण असंच चाललं तर हातचं जाईल. बरगड्या दिसायला लागल्या त्याच्या. मावशीसाठी मला रडू येत नव्हतं, विश्वासच नाही तर रडणार कशाचं... पण हे कुत्रं जाऊ नये, एवढंच डोक्यात घुमत होतं.

आणि एका दुपारी फाटकाशी हार्वेस्टर येऊन थांबलं. करतारजी उतरले, नेहमीसारखे ओरडत, "मौसी, रोटी लगाओ." मामानं पुढं होऊन सांगितलं. ते पायरीवर बसले ते बसलेच. "अभी तो बात हुई थी फोन पे... बोली, जल्दी आओ, सीताफल पक गए." मामा हळूच म्हणाला, "ह्यांना ढाब्यावर जायला सांगू का?" मी म्हटलं, नको, करते मी. पिठलं गाठीचं झालं, भाकरी एका बाजूनं करपल्या. करतारजी आणि त्यांचे दोन सोबती ओसरीत बसले, जेवले आणि उठले.

मी त्यांची ताटं उचलली आणि टायगर वाफ्यातून उठला. अंग झाडलं. मावशी त्याला ज्या दगडावर वाढायची, त्यापाशी येऊन उभा राहिला. मी करपलेली भाकरी कुस्करून टाकली, तर दगड चाटून पुसून साफ.

मामा बघतच राहिला. "पाहुणे उठल्याबिगर अक्का त्याला कधी वाढायची न्हाई गं," तो म्हणाला. "एवढी वर्सं. आन् आपण लाडानं रोज पहिलं त्यालाच वाढून राहिलो."

मला वाटलं आता तो झोपेल. पण टायगर स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसला आणि आतल्या उंबऱ्याकडं बघायला लागला. तेव्हा मला समजलं. पाहुण्यांचं झालं, त्याचं झालं, आता एकच ताट राहिलं होतं. मावशी सगळ्यांच्या मागून, त्या उंबऱ्यावर बसून जेवायची. मग उरलेलं पिठलं वाढून घेतलं आणि तिथं बसले. लाकूड मधोमध बसून बसून गुळगुळीत झालं होतं. पहिला घास खाल्ला, दुसऱ्याला रडू फुटलं... टायगर हलला नाही. माझं ताट रिकामं झालं, तेव्हा कुठं त्यानं पायांवर तोंड ठेवलं आणि डोळे मिटले.