मासावरचं टिंब

दुपारी जेवून मी आडवी होते. सकाळी आप्पांचं मासिक श्राद्ध झालं, पाहुणे परतले. घरात मी एकटीच. उशाशी त्यांच्या दुकानातली पाटी आहे. दवाखान्यात जाण्याआधी त्यांनी तिच्यावर खडूनं लिहिलं होतं : मास संपले. गिऱ्हाइकं मटण म्हणायची. आप्पा म्हणायचे, बकऱ्याला मास असतं, मटण ताटात होतं. ते रोज टिंब विसरायचे आणि शाळेत जाताना मी ते देऊन जायचे. काल पाटी घरी आणली, तेव्हाही 'मा'वर टिंब दिलं. जुनी खोड.

डोळे जड होतात. पंख्याची घरघर, आणि तिच्यातून सुरीला धार लावल्याचा आवाज.

आप्पा ओंडक्यामागे बसलेत. अंगात बंडी, दंड पूर्वीसारखे भरलेले. ओंडक्यावर मात्र सीताफळं आहेत. एक फोडून ते बोटानं दाबून बघतात.

"मास बरं धरलंय."

"फळाला गर असतो, आप्पा."

"आली मास्तरीण! बीला काय, दोन्ही मऊच." ते माझ्याकडे बघतात. "आज मास झाला म्हणं मला?"

"महिना झाला."

"तेच की. तुझ्या पुस्तकात मास म्हंजे महिना. माझ्याकडं किलोवर मिळतं."

ते खो खो हसतात. मीही हसते, आणि हसता हसता ओंडक्याचा पलंग झालेला असतो. आप्पा त्यावर पडलेत. दंड आता माझ्या मनगटाएवढा. डॉक्टर सांगून गेलेत, घशात मास वाढलंय.

"सगळ्या अंगावरचं उतरलं," आप्पा घोगऱ्या आवाजात म्हणतात, "अन् वाढलं ते नको तिथं. कुमे, हात लावून बघ. मास राहिलंच नाही."

इथे मी काय म्हणते, मला ठाऊक आहे. त्या दिवशी म्हणाले होते, "मांस, आप्पा." हातातलं पुस्तक न मिटता. दंडाला हात लावला नाही. मग चहा प्यायला खाली गेले. वर आले तोवर त्यांचं बोलणं थांबलं होतं, ते कायमचं. मी त्यांच्याशी शेवटचं बोलले, ते त्यांची चूक दाखवायला.

आताही ओठ त्याच शब्दासाठी उघडतात. मी ते मिटते. पुस्तक खाली ठेवते आणि दंड हातात घेते. सैल, गार कातडी. तिच्याखाली हाड. आणि हाडाला धरून थोडं, अगदी थोडं, काहीतरी मऊ.

"आहे, आप्पा. मास आहे अजून."

"काय म्हणालीस?"

"मास."

ते डोळे बारीक करतात. "अन् टिंब?"

"नको ते."

"मग पूस की, मास्तरीणबाई."

जाग येते. वीज गेली आहे, पंखा थांबलाय. मान घामानं भिजलेली. बाहेर कुणीतरी भांडी घासतंय. घरात आवाज नाही. माझा हात पाटीवर पडला आहे.

मास संपले. टिंब नाही.

उजव्या तर्जनीच्या टोकाला, नखाखालच्या मऊ मासाला, खडूची पांढरी पूड लागली आहे. मी हात धुवायला उठत नाही.