जितेशचा गुडघा बघायला पनवेलला

नाशिकहून पनवेलला निघालो तेव्हा घरात कुणाचेही डोळे पाणावले नाहीत. बायकोनं फक्त विचारलं, "तिथं बघण्यासारखं आहे तरी काय?"

"जितेशचा गुडघा," मी म्हणालो.

कपाळाला हात लावून ती डबा भरायला आत गेली. पण मी खोटं बोलत नव्हतो. आदल्या आठवड्यात दाजींचा, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचा फोन आला होता. "शरदराव, याच तुम्ही. थंडी आहे, पोपटी लावू. गावात हळद आहे, रविवारी कबड्डीचे सामने आहेत. आणि एक सीरियस मॅटर आहे. आमचा मेन प्लेअर ऑपरेशन होऊन परत आलाय, सिलेक्शनचा घोळ झालाय. तुम्ही खेळाडू माणूस, तुमचं ओपिनियन हवं." मी शाळेत खो-खोच्या संघात राखीव होतो आणि सगळा वेळ मैदानाबाहेर लोकांच्या चपला राखल्या होत्या. एवढा अनुभव दाजींना पुरेसा वाटला, यावरून त्यांच्या समितीची कल्पना यावी.

एसटीत बहिणीसाठी घेतलेली द्राक्षांची पेटी पायाशी ठेवून बसलो. शेजारी एक सद्गृहस्थ आले आणि पाय ठेवायला काहीतरी आहे हे बघून त्यांना बरं वाटलं. कल्याण येईपर्यंत ते आपल्या सुनेबद्दल बोलत होते आणि त्यांचा पाय माझ्या द्राक्षांत रुतत होता. पनवेलला उतरलो तेव्हा पेटीतून रस ठिबकत होता. "अहो, सांगायचं नाही का?" असं म्हणून ते उलट माझ्यावरच रागावले.

पनवेलबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. इथली प्रत्येक इमारत विमानतळापासून दहा मिनिटांवर आहे, असं प्रत्येक इमारतीवर लिहिलेलं आहे. रस्ते मात्र सगळे खणलेले. रिक्षावाल्यानं मला नवीन पनवेलला पोचवेपर्यंत एवढे वळसे घातले, की कर्नाळ्याचा सुळका मला एकदा डावीकडे आणि दोनदा उजवीकडे दिसला. तो अंगठा वर करून उभा असतो. कशाला शाबासकी देतो कोण जाणे.

ताईनं द्राक्षांची पेटी उघडून बघितली. "शऱ्या, मनुके आणले असतेस तरी चाललं असतं," ती म्हणाली, आणि चहा टाकायला गेली.

संध्याकाळी दाजी मला गाडीतून नेऱ्याच्या बाजूला घेऊन गेले. शहर एका वळणावर संपतं आणि एकदम डोंगर पुढ्यात येतात. कापलेली भातशेती, वालाचे हिरवे पट्टे, मधेच मुंबईकरांची फार्महाउसं. दाजींचंही एक आहे, त्यात दोन चिकूची झाडं आणि एक झोपाळा आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथं पुन्हा जेवायला जायचंय. दाजी बेलापूरला एका ऑफिसात टेबलामागे बसतात आणि आयुष्यात कबड्डी खेळलेले नाहीत. पण गावच्या संघाला जर्सी त्यांनी दिल्या, म्हणून ते निवड समितीचे अध्यक्ष. पंढरीनाथकाका म्हणून एक जुने खेळाडू आहेत, ते प्रशिक्षक. बाकी समितीत गावच्या चार आळ्यांचे चार जण. त्यांचं काम एकच, आपल्या आळीचा पोरगा गळू न देणं.

पोपटी (मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजलेल्या वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडी) शेतात लावली होती. मडकं उपडं, वर पेटता पेंढा, भोवती समिती. वास असा सुटला होता, की त्या क्षणी मला कुणीही कोणत्याही संघात घेतलं असतं तरी मी नाही म्हणालो नसतो.

मग मला प्रकरण समजलं. जितेश हा गावाचा डावीकडचा चढाईपटू, म्हणजे समोरच्यांच्या अंगणात एकटा घुसून गडी मारून येणारा. मागच्या हंगामात त्याच्या गुडघ्यातली शीर तुटली. ऑपरेशन झालं. उलव्याला एका बिल्डिंगच्या कामावर तो सुपरवायझर होता, ते काम अर्थातच गेलं. संघात त्याच्या जागी काशिनाथ आला, काशी. तो उलव्यालाच सिमेंट कालवणारा मोठा ट्रक चालवतो. काशी चांगला खेळला. आता जितेश परत आलेला, आणि रविवारच्या सामन्यांना एका मोठ्या कंपनीची माणसं येणार. त्यांना आपल्या संघासाठी कायमच्या नोकरीवर एक चढाईपटू हवा होता. एकच.

"दोघांनाही खेळवा की," मी शेंग सोलत म्हणालो.

चारही आळ्यांनी माझ्याकडे दयेनं बघितलं. सातजणांत प्रत्येक आळीची माणसं मोजून बसवलेली होती. डावीकडची जागा तेवढी एक उरली होती.

"डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टर बोलतो, चाल, पल, पन खेलायला थोडा दम धर," पंढरीनाथकाका म्हणाले. "डॉक्टरला काय कलतंय कबड्डीतला?"

"मग मैदानात उतरवून बघा ना."

"पाव्हनं, मैदानात पोरगा दात-ओठ खाऊन करल. दुखला तरी बोलनार नाय. उद्या त्याच्या भयनीची हलद हाय. बेंजो वाजला का मानूस दुखना इसरतो. तवा पाय खरा बोलतो. हलदीत नाचला, तर खेलल."

मी दाजींकडे बघितलं. अध्यक्ष गंभीरपणे मान हलवत होते. "नॅचरल कंडिशनमध्ये टेस्ट," ते म्हणाले. एक्स-रे, ऑपरेशन, महिनोन्‌महिने व्यायाम, सगळं एका बाजूला. आणि बेंजो (हळदीत नाचायला वाजतो तो बँड) दुसऱ्या बाजूला. ठराव एकमतानं पास झाला, कारण मडकं तेवढ्यात फुटलं आणि कोंबडी बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर आम्ही हळदीला गेलो. या भागातली हळद ज्यानं बघितली नाही, त्यानं लग्नं बघितली असतील पण उत्साह बघितलेला नाही. लग्नाला उशीर झाला तरी चालतं, हळदीला पाव्हणा चुकला तर पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवतात. मांडवात धवलारीण (लग्नाची गाणी म्हणणारी म्हातारी) एका सुरात गात होती आणि तिला कुणी ऐकू नये अशी चोख व्यवस्था बेंजोवाल्यांनी बाहेर केलेली होती. नवरी पाटावर पिवळीधमक होऊन बसली होती. मटण आणि तांदळाची भाकरी यांबद्दल मी लिहीत नाही, कारण बायको हे वाचणार आहे आणि डॉक्टरांनी मला दोन्ही बंद केलंय.

समितीनं मोक्याच्या जागा धरल्या होत्या. सहा जण, सहा खुर्च्या, आणि सगळ्यांची नजर एका माणसाच्या कमरेखाली. जितेश पाहुण्यांना पाणी देत फिरत होता. देखणा, उंच पोरगा, आणि चेहऱ्यावर हसू असं चिकटवलेलं की मलाच कसंतरी झालं. मी त्याच्याकडून पाणी घेताना म्हणालो, "बाबा रे, तुला माहीत आहे ना हे सगळे काय बघतायत?"

"माहीत हाय ना काका," तो म्हणाला. "लहानपनापासून हेंनी मला खेलताना बघितलाय. आता नाचताना बघतील."

"नाचणार?"

"डॉक्टर बोललाय, उडी मारलीस तर परत ऑपरेशनच्या टेबलावर येशील." तो पाणी ओतत राहिला. "आन आय बोलते, भयनीच्या हलदीत भाऊस नाय नाचला तर लोका काय बोलतील."

तेवढ्यात आई आलीच. हळदीनं भरलेल्या हातांनी तिनं त्याचे दंड धरले. "जित्या, चल रे! एकच भयीन हाय तुला!" बेंजोनं चाल बदलली, पोरांनी हाका सुरू केल्या, समिती खुर्चीच्या कडेवर सरकली. जितेश घोळक्याकडे निघाला. एक एक पाऊल टाकत होता. खरं सांगतो, तोवर मला सगळी गंमत वाटत होती. त्या क्षणी मात्र गंमत संपली. त्याच्या आयुष्याचा निकाल एका गाण्यावर लागायचा होता आणि आम्ही बघे हाडकं चघळत बसलो होतो.

घोळक्यात जितेशनं हात वर केले, आणि दुसऱ्याच क्षणी तो हवेत होता. कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं होतं. मग काय विचारता! वरच्या वर तो कमरेतून असा काही घुमला, हात असे काही फेकले, की बायका शिट्ट्या मारायला लागल्या. नवरी पाटावरून हात उंचावून हसत होती. आई रडत होती. तीन गाणी झाली तरी तो खाली आला नाही. मी मोबाइल काढून फोटो घेतले.

"फिट!" दाजी ओरडले. "हंड्रेड पर्सेंट फिट!"

"बोल्लो व्हतो का नाय?" पंढरीनाथकाकांनी मांडी थोपटली. चारही आळ्यांनी माना डोलावल्या. निवड तिथल्या तिथं झाली.

हात धुवायला मांडवामागे गेलो, तर पिंपाशी एक ठेंगणा, रुंद खांद्याचा पोरगा डोक्यावर तांब्यानं पाणी ओतून घेत होता. घामानं निथळत होता, मानेवर लाल वळ उठले होते. मी सहज विचारलं, "फार नाचलास वाटतं?"

"मी नाय नाचलो. मी उचलला."

"जितेशला? तू कोण?"

"काशी."

मी मांडवाकडे बोट दाखवलं. मग म्हणालो, "अरे वेड्या, तुझी जागा गेली! ते बाहेर काय बोलतायत ऐकलंस का?"

"आयकला." त्यानं तोंड पुसलं. "त्याची आय बोलत व्हती नाच, डॉक्टर बोललेला नको. मंग काय करायचा? उचलला."

"आणि नोकरी?"

हे त्याला लागलं होतं, दिसलंच ते. "नोकरीचा बगू," तो म्हणाला. "त्याच्या भयनीची हलद परत हाय का?" आणि तांब्या पिंपावर ठेवून तो वाढायला निघून गेला.

मी दाजींना सांगायला गेलो. दाजी म्हणाले, "शरदराव, प्रोसेस झालेली आहे." प्रोसेस झाली की आमच्या देशात देवही हात टेकतो.

लग्नाचा मुहूर्त संध्याकाळचा होता, त्यामुळे रविवारी दुपारी मैदान गच्च भरलं होतं. लाल माती, चुन्याच्या रेषा, आणि माइकवर एक गृहस्थ मान्यवरांची नावं वाचत होते. दाजींचं नाव त्यांनी दोनदा घेतलं, त्या खुशीत दाजींनी मला वडापाव दिला. कंपनीची दोन माणसं टोप्या घालून खुर्च्यांवर बसली होती. दाजी सात नावांचा कागद घेऊन उठले आणि जितेश त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. जर्सी त्याच्या हातात होती, अंगात नव्हती.

"सायेब, काशीला खेलवा."

"अरे, काय चाललंय? आम्ही स्वतः बघितलं तुला नाचताना!"

"मी नाचलोच नाय," जितेश म्हणाला. "मी वर व्हतो. दोघांचा वजन घेऊन तीन गानी खाली कोन नाचला, ते बघितला का कुनी?"

एका आळीनं दुसऱ्या आळीकडे बघितलं. पंढरीनाथकाकांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि पुन्हा घातली.

"गुडघा अजून पयल्यासारखा नाय काका," जितेश त्यांना हळू म्हणाला. "सकाली एकटा येऊन चढाई मारून बघितली. वलताना थरथरतो. आज खेललो तर आजचाच खेलीन." त्याचे डोळे भरले होते आणि ते त्यानं लपवले नाहीत. मग त्यानं जर्सी काशीच्या छातीवर आपटली. "घाल ना! बगतोस काय?"

काशीनं जर्सी घातली. ती त्याला लांब होती, गुडघ्याच्या जरा वरपर्यंत आली.

सामन्याचं वर्णन करायला मला खो-खोतल्या चपलांचा अनुभव पुरत नाही. एवढंच सांगतो, की काशीच्या प्रत्येक चढाईला जितेश रेषेबाहेरून ओरडत होता. "डावा बग! डावा!" आवाज बसला तरी ओरडत होता. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. काशी मात्र अंगावर तीन गडी घेऊन मधल्या रेषेला शिवला, तेव्हा टोपीवाल्या माणसांपैकी एकानं मागे वळून विचारलं, "हा कोण मुलगा?"

दाजी तोंड उघडायच्या आत जितेश पुढं झाला होता. काशीचं नाव, बापाचं नाव, गाव, सगळं त्यानंच सांगितलं. मग तो मंडपामागे गेला आणि बराच वेळ आला नाही. मी मागे गेलो नाही. असल्या वेळी पाहुण्यानं खुर्चीवरच बसावं.

सोमवारी सकाळी ताईनं पिशवीत सुका जवळा आणि वालाच्या शेंगा भरून दिल्या. "हा वर ठेव, पायाशी नको," तिनं तीनदा बजावलं. दाजी स्टँडवर सोडायला आले. पुढच्या हंगामासाठी निवडीची काहीतरी सायंटिफिक पद्धत बसवायला हवी, असं म्हणाले. मी म्हणालो, बेंजोवाला बदलून बघा.

गाडी कल्याणच्या पुढे गेली तेव्हा ताईचा फोन आला. नवरीला हळदीचे फोटो हवे होते, जितेशचे खास. मी मोबाइल काढला. तीन दिवस मी या समितीला मनातल्या मनात हसत होतो, की डोळे असून दिसत नाही या लोकांना. सगळे फोटो एकेक करून बघितले. सगळ्यांत जितेश आहे, हात वर, हसरा, पिवळा, मागे झिरमिळ्या. काशीचा चेहरा एकातही नाही. मीही वरचंच टिपलं होतं.

एका फोटोत तेवढा खालच्या कडेला काशीचा एक हात आलाय. नाचताना घोळक्याचा धक्का लागू नये म्हणून त्यानं तळवा उघडून जितेशच्या गुडघ्यावर ठेवलाय, झाकल्यासारखा. मी नवरीला तोच फोटो पाठवला.