रिकाम्या तोंडी

पाटसला आमच्या शेजारी राहणाऱ्या गजराआक्का कुणालाही रिकाम्या तोंडी घराबाहेर पडू देत नसत. गडबडीत निसटलो, तर एसटीच्या थांब्यापर्यंत मागे येऊन गुळाचा खडा तोंडात कोंबत. "रिकाम्या तोंडानं उंबरा वलांडू न्हाई, काम हुत न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

पुढे मी पुण्यातल्या एका इस्पितळात हृदयाच्या सोनोग्राफीच्या यंत्रावर लागलो. लहानपणच्या तापाने आक्कांच्या हृदयाची एक झडप आखडलेली होती. पाण्याची कळशी उचलली तरी धाप लागायची. मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती झडप उघडता येणार होती. आमच्याकडे नुकतंच थ्री-डी यंत्र आलं होतं. जुन्यात हृदयाचा एकेक काप दिसे, यात उघडमीट करणारी अख्खी झडप समोर दिसे आणि तिच्याकडे बघत डॉक्टर फुगा नेमका तिच्या तोंडाशी नेत. त्यासाठी घशातून सोनोग्राफीची नळी घालावी लागे आणि पोट रिकामं हवं, नाहीतर उलटी थेट फुप्फुसात. चहासुद्धा नाही, असं मी बजावलं. आक्कांनी मान डोलावली.

आणि ठरल्या दिवशी दही-भाकरी खाऊन आल्या.

"जेवले कुठं? दोन घास तर खाल्लं. एवढ्या मोठ्या कामाला कोरड्या तोंडानं निघत्यात व्हय?"

तारीख रद्द झाली. डॉक्टरांची बोलणी मी खाल्ली.

दुसऱ्या वेळी आदल्या दिवशीच राहू गावी लेकीकडे मुक्कामाला गेल्या. सकाळी निघताना लेकीने शिऱ्याची वाटी पुढे धरली. "तशीच निघाले असते, तर दिसभर घोर लावून बसली असती ती. तुला न्हाई कळायचं." खरंच कळत नव्हतं. मी चिडून पुन्हा तारीख रद्द केल्याचा कागद भरत होतो, आणि ही बाई पिशवीतून लाडू काढून माझ्या हातावर ठेवत होती.

पुढची तारीख मिळेपर्यंत पावसाळा उलटला. या खेपेला मी स्वतः पाटसला गेलो आणि पहाटे स्वयंपाकघराच्या दारात आडवा उभा राहिलो. आक्का कोरड्या तोंडाने उंबरा ओलांडून आल्या. गाडीत बसेपर्यंत सारख्या मागे वळून बघत होत्या.

नळी घातली. पडद्यावर झडप लख्ख दिसली आणि तिच्यामागच्या कप्प्यात रक्ताची गाठही दिसली. फुग्याचा धक्का लागून ती सुटली असती, तर मेंदूत गेली असती. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. गोळ्यांनी गाठ विरघळू दे, मग बघू, म्हणाले.

शुद्धीवर येताच आक्कांनी विचारलं, "झालं का रं काम?"

"नाही, आक्का."

"तरी सांगत हुते तुला."

भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. गाठ त्या सकाळी झाली नव्हती, तारखा हुकत होत्या त्या महिन्यांत कधीतरी धरली असणार, हे त्यांना कसं पटवायचं?

गाठ विरघळण्याआधीच आक्का गेल्या. दहाव्याला मी पाटसला गेलो होतो. दुखवट्याच्या घरातून निघताना कुणी थांब म्हणत नाही, हातावर काही ठेवत नाही. तरी मी उंबऱ्याशी उगाच चप्पल शोधत रेंगाळलो, आणि मग तसाच निघालो.