काकांनी धरलेला ट्रायपॉड

माझी आत्या फोटोग्राफर आहे असं सांगितलं की लोक हमखास विचारतात, "लग्नाचे काढतात का?" तिला याचा भयंकर राग येतो. पोटापाण्यासाठी ती स्टुडिओत ओळखपत्रांचे फोटो काढते. "हनुवटी जरा वर. दात नकोत. श्वास घ्या हो, जिवंत आहात," हे दिवसभर बोलून तिचा घसा बसतो. पण तिचं खरं काम सुट्टीच्या दिवशी, डोंगरात. त्या कामावर मी ड्रायव्हर आणि काका हमाल. काका म्हणजे आत्याचे यजमान. औषधांच्या दुकानात जन्म काढून निवृत्त झालेले, आणि स्वभावाने इतके गरीब की डाससुद्धा त्यांना विचारून चावत असेल.

डोंगराचा फोटो म्हणजे बटण दाबलं की झालं, असं मलाही वाटायचं. तसं नसतं. सूर्य मावळताना आकाश लखलखत असतं आणि दरीत अंधार साचलेला असतो. आकाश नीट घ्यावं तर दरी डांबरासारखी काळी, दरी नीट घ्यावी तर आकाश पांढरंफटक. म्हणून आत्या कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून एकाच जागेवरून लागोपाठ पाच फोटो काढते, गडदपासून उजळपर्यंत. उजळ फोटोला कॅमेरा जास्त वेळ उघडा ठेवावा लागतो. मग घरी कॉम्प्युटरवर ते पाचही एकावर एक ठेवायचे आणि एकातलं आकाश, दुसऱ्यातला कातळ, तिसऱ्यातली दरीतली शेतं राखत बाकीचं हलक्या हाताने पुसत जायचं. "आपला डोळा जे एका नजरेत बघतो, ते या ठोंब्याला पाच वेळा समजावून सांगावं लागतं," असं ती कॅमेऱ्याबद्दल म्हणते. अट एकच. पाचही फोटो होईपर्यंत कॅमेरा केसभरही हलता कामा नये.

तो हलू न देणं हे काकांचं खातं. ट्रायपॉडपाशी उकिडवं बसायचं, दोन हातांनी त्याचे दोन पाय धरायचे आणि शेवटचं "झालं" ऐकेपर्यंत श्वास रोखायचा. लग्नानंतर घेतलेला पहिला ट्रायपॉड स्वस्तातला होता, वाऱ्यात लटपटायचा, तेव्हापासूनची ही पद्धत. पुढे ट्रायपॉड बदलले, धरणारा तोच राहिला. काकांनी हात सोडला तर कॅमेरा थेट दरीत जाईल असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं, आणि मला वाटतं काकांनाही तसंच वाटायचं.

गेल्या वर्षी वाचनालयाच्या नव्या दालनासाठी आत्याचा फोटो मागितला गेला. एक पूर्ण भिंतभर, ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिचं काम इतकं मोठं करून लावावं असं आजवर कुणालाच सुचलं नव्हतं. ती वरकरणी "बघू, वेळ मिळाला तर," असं म्हणाली आणि दुसऱ्याच दिवशी स्टुडिओला कुलूप लावून आम्हाला डोंगरात घेऊन गेली.

त्या खेपेचा फोटो बिघडला. लहान आकारात ठीक दिसायचा, पण भिंतीच्या मापाने मोठा केला की डोंगराची धार दुहेरी व्हायची आणि दरीतली शेतं पुसट. आत्याने आधी वाऱ्यावर खापर फोडलं. पुन्हा गेलो, पान हलत नव्हतं, तरी तेच. मग लेन्सची पाळी आली. दुरुस्तीवाल्याने ती उघडून, पुसून, निर्दोष सोडून दिली. आत्याने ट्रायपॉडला दगडांची पिशवी बांधली, त्यानेही काही झालं नाही. गडद फोटो स्वच्छ, उजळ फोटो गढूळ, दरवेळी. वाचनालयाचं उद्घाटन जवळ येत होतं आणि आत्याच्या नाकावर माशी बसेना.

शेवटी एका दुपारी तिने घराच्या गॅलरीतच ट्रायपॉड मांडला आणि समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाकीचे पाच फोटो काढले. मी बाजूला उभी होते. पाचही फोटो टाकीवरचे गंजाचे डाग मोजता येतील इतके सुरेख आले. आत्याचा चेहरा उजळला. तेवढ्यात काका चहा घेऊन आले. कप अर्धेच भरलेले होते, हल्ली ते अर्धेच भरायचे. कप कठड्यावर ठेवले आणि सवयीने खाली बसून त्यांनी ट्रायपॉडचे पाय धरले. "हं, दाब," म्हणाले. आत्याने दाबलं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर टाकी मोठी करून ती बराच वेळ बघत राहिली. मीही डोकावले. टाकीला दोन कडा होत्या. मग आम्ही दोघींनी एकदम काकांच्या हातांकडे पाहिलं. दाढी हल्ली सलूनमध्येच करायची अशी चैन काकांनी का सुरू केली होती, ते मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

काका आत गेल्यावर मी म्हटलं, "एवढा एक फोटो होईपर्यंत त्यांना घरी ठेव ना. काहीतरी कारण सांगू." काकांना दरीत ढकलून देऊ असं सुचवल्यासारखं तिने माझ्याकडे पाहिलं. "तू गप्प बस," म्हणाली. मी कुठली गप्प बसते, पण त्या दिवशी बसले.

संध्याकाळी तिने त्यांना कॉम्प्युटरसमोर बोलावलं. सरळ, आडपडदा न ठेवता टाकीचे आधीचे पाच फोटो आणि त्यांनी पाय धरल्यावरचा, असे सगळे दाखवले.

"किती दिवस होतंय हे?"

"थंडीने होतं गं."

"अहो, पंखा चालू आहे."

काकांनी हात मांडीखाली दडवले. मग म्हणाले, "झाले बरेच दिवस. सांगितलं असतं तर तू मला न्यायचं बंद केलं असतंस. ट्रायपॉड धरता येत नाही अशा माणसाचं डोंगरात काय काम?"

"ट्रायपॉडला तुमची गरज दुसरा घेतला तेव्हाच संपली," आत्या म्हणाली. "चांगल्या ट्रायपॉडला कुणी हात लावायचाच नसतो."

काकांना हे उमजायला वेळ लागला. उमजलं तेव्हा ते रागावले. मी त्यांना रागावलेलं पहिल्यांदाच पाहिलं. "मग इतकी वर्षं मला उकिडवं कशाला बसवलंस? गुडघे गेले माझे त्यात! सगळे हसत असतील मला."

"तुम्ही जवळ असलात की मला बरं वाटतं म्हणून," आत्या म्हणाली. "नुसते शेजारी बसा म्हटलं असतं तर तुम्ही आला असतात का? तुम्हाला रिकामं बसायची लाज वाटते."

काका उठून गेले. पुढचे दोन दिवस घरात फक्त भांडी बोलत होती. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच चपला घालून उभे राहिले आणि म्हणाले, "चल, डॉक्टरकडे जाऊन येऊ." डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. थरथर थोडी कमी होईल, जाणार मात्र नाही, हेही सांगितलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, काकांना ते आवडत नाही.

उद्घाटनाआधी आम्ही शेवटचे डोंगरात गेलो. काका आले, पण लांब एका खडकावर बसले. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात, चेहरा अनोळखी घरी पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाचा. आकाश तांबडं झालं, दरी निळी पडली. आत्याने एकटीने पाच फोटो काढले. पडद्यावर मोठे करून पाहिले. बांध, पायवाटा, झाडं, सगळं जागच्या जागी होतं. भिंतीचा फोटो मिळाला होता.

"झालं?" काकांनी खडकावरूनच विचारलं.

"झालं. आता इकडे या. धरा."

"काम झालं ना? उगीच हलेल."

"हलू दे."

काका आले. गुडघे कुरकुरत खाली बसले आणि त्यांनी दोन पाय धरले. ट्रायपॉड बारीक थरथरायला लागला, कॅमेऱ्याचा लोंबता पट्टासुद्धा हलताना दिसत होता. आत्या त्यांच्या खांद्यावर हात ठेवून दरीकडे बघत उभी राहिली. काकांनी सवयीने श्वास रोखून धरला होता. मी बॅग उचलायला जवळ गेले तेव्हा पाहिलं, कॅमेरा बंद होता आणि लेन्सवर तिने झाकण लावलेलं होतं.