पाटाची डावी बाजू

पिंपरी पेंढारच्या मळ्यात गेणभाऊ आणि रखमाजी या दोन भावांची जमीन एकाच विहिरीखाली होती. विहिरीपासून खालच्या बांधापर्यंत एक पाट सरळ गेला होता. विहिरीकडे पाठ करून उभं राहिलं की उजव्या हाताला गेणभाऊचे वाफे आणि डाव्या हाताला रखमाजीचे. वाटणी झाली तेव्हा बापानं जमीन तोडून दिली, गुरं तोडून दिली, भांडीसुद्धा मोजून दिली. पाणी मात्र तोडलं नाही. म्हणाला, पाण्याला हात एकच राहू द्या. थोरला दारं धरील, वाफ्यांना पाणी देईल, धाकटा दोघांचा माल बाजारात नेईल, आणि पाण्यामागं दुसऱ्यानं फिरायचं नाही. फिरला म्हणजे संशय आला, आणि संशय आला की विहिरीवर कुलूप आलंच.

चोवीस वर्षं हे असंच चाललं. मोटार सुरू झाली की गेणभाऊ खोरं घेऊन पाटात उतरायचा. विहिरीकडून सुरुवात करायची, उजव्या वाफ्याचं तोंड उघडायचं, तो भरला की मातीनं बुजवून समोरचा डावा उघडायचा. एक आपला, एक भावाचा, असं करत खाली सरकायचं. रखमाजी कधी पाहायलाही आला नाही. गावात कुणा भावाभावांची कुरबुर झाली की लोक म्हणायचे, जा, आधी गेणभाऊच्या पाटात पाय धुऊन या.

गेणभाऊची बायको ठकूबाई हे ऐकायची आणि पदर नीट करून पुढे निघायची. नवऱ्याचा अभिमान बोलून दाखवायची तिच्या माहेरी रीत नव्हती.

१९९८ची दिवाळी झाली आणि पंधरा दिवसांनी एका सकाळी गेणभाऊच्या डाव्या हातातून चहाची बशी निसटली. ती उचलायला तो वाकला तो वाकलेलाच राहिला. तोंड एका अंगाला गेलं. रखमाजीनं स्वतःच्या टेम्पोत घालून त्याला नारायणगावच्या दवाखान्यात नेलं आणि बारा दिवस भावाच्या उशाशी बसून काढले. डॉक्टरांनी सांगितलं, अर्धांगाचा झटका आहे, मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गाठ अडकली. पण माणूस काटक निघाला. तोंड सरळ झालं. डावा पाय थोडा ओढायचा आणि डाव्या हाताची बोटं आखडलेली राहिली, तेवढंच. बोलणं तर पहिल्यासारखं खणखणीत. भेटायला आलेले पावणे म्हणायचे, ठकूबाई, तुझं कुंकू बळकट.

घरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिच्या लक्षात एक गोष्ट आली. ताटाच्या उजव्या अंगाचं सगळं संपायचं आणि डाव्या अंगाचं जसंच्या तसं राहायचं. भाकरीचासुद्धा उजवा अर्धा भाग जायचा, डावा तसाच. वर हात पुसत तो म्हणायचा, अगं, जरा पोटभर वाढत जा. एकदा धाकटी जाऊ सरूबाई समोर बसलेली असताना म्हणाला. सरूबाई हसून म्हणाली, "जाऊबाई, आजारी माणसाची भाकर राखून ठिवता व्हय?" ठकूबाईचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ताट उचलून ती दाराशी काही पाहायला गेली आणि परत येऊन तिनं ते नकळत उलट्या बाजूनं त्याच्यासमोर ठेवलं. गेणभाऊनं खाली पाहिलं, हात पुन्हा घातला आणि उरलेली अर्धी भाकरी खाल्ली.

"आता कसं," तो म्हणाला. "आधीच वाढलं असतंस तर?"

तेव्हापासून जेवण अर्ध्यावर आलं की ती मुकाट्यानं ताट फिरवायची. कुणाला सांगितलं नाही. अशक्तपणा असेल, जाईल, असं तिनं मनाला सांगितलं. विसरण्याचंही तसंच. सकाळी बोललेलं दुपारी त्याला आठवायचं नाही. दूध डेरीला गेलं का, हे तीनतीनदा विचारायचा. आणि विहीर कोणत्या साली खोदली, पहिला सुरुंग कुणी उडवला, पाणी किती हातांवर लागलं, हे मात्र न अडखळता सांगायचा. ऐकणारे म्हणायचे, डोकं शाबूत आहे, अजून काय पाहिजे?

पौषात कांदा लागला. लागणीचं पहिलं पाणी मजुरांच्या हातून गेलं. पुढच्या पाण्याला गेणभाऊनं खोरं उचललं. ठकूबाई नको म्हणाली. तो म्हणाला, बाप मेला त्या दिवशीसुद्धा पाणी भरलंय मी. तिलाही आतून बरंच वाटलं. माणूस पाटात उभा राहिला म्हणजे माणूस परत आला, असं तिचं गणित होतं. मोटार सुरू करून ती आपल्या कामाला गेली. वीज गेली तसा तो खालच्या बांधानं घरी आला. तिनं विचारलं, सगळं भरलं का? तो म्हणाला, भरलं.

असं दोनदा झालं. ताटाची गोष्ट रोज डोळ्यांसमोर असूनही पाटाचा विचार तिच्या मनात आला नाही. पुढे हे तिनं स्वतःला फार वेळा विचारलं.

त्याच्या तिसऱ्या पाळीच्या चार दिवस आधी सरूबाई अंगणात आली. गवत कापायला मळ्यात गेली होती, तिथूनच आली होती. हातातली कांद्याची उपटलेली रोपं तिनं ठकूबाईच्या पायापाशी टाकली. पाती पिवळी पडून पिळवटली होती.

"जाऊबाई, आमी काय पाप केलं ते तरी सांगा," ती म्हणाली. "भाऊजींनी आमचा कांदा जित्तेपणी सुकवायला घेतलाय."

ठकूबाई तिच्या मागोमाग मळ्यात गेली. पाटाच्या उजवीकडे कांदा हिरवागार उभा होता. डावीकडे सगळ्या वाफ्यांनी माना टाकल्या होत्या आणि जमिनीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. त्या बाजूच्या एकाही वाफ्याचं तोंड उघडलेलं दिसत नव्हतं. लागणीच्या वेळी बुजवलेली माती तशीच दगडासारखी वाळली होती. ठकूबाई पाटात खाली बसली. डोळ्यांसमोर आलं ते अर्धं खाल्लेलं ताट.

दिवस मावळायच्या आत रखमाजी आला. आत आला नाही, उंबऱ्यावर बसला. दादा, माझ्या वाफ्यांना शेवटचं पाणी कधी दिलंस, असं त्यानं विचारलं. गेणभाऊ म्हणाला, कालच. काल पाण्याची पाळी नव्हती, वीजही नव्हती. रखमाजीनं तसं सांगितलं. मग गेणभाऊनं बसल्या जागी उजव्या हातानं पाण्याचा तांब्या पुढे ओढला आणि त्यावर हात ठेवला.

"रखमा, ह्या पाण्याची आण. एक बी वाफा सुका ठिवला न्हाई मी."

रखमाजी उठला. "आजवर तू खोटं बोलला न्हाईस दादा," तो म्हणाला. "आन बोललास ते बी पाण्यावर हात ठिवून."

एवढं बोलून तो निघाला. ठकूबाई कुंपणापर्यंत त्याच्या मागे धावली. ताटाचं सांगितलं, भाकरीचं सांगितलं, डावीकडचं त्यांच्या ध्यानातच येत नाही म्हणून सांगितलं. स्वतःच्या कानांना ऐकताना तिलाच ते खोटं वाटत होतं.

"वैनी," रखमाजी म्हणाला, "रोग असता तर दोन्ही अंगाचं वाळलं असतं. रोगाला बरे माझेच वाफे सापडले?"

आठ दिवसांत विहिरीवर वेगळी मोटार बसवतो, तलाठ्याला बोलावून पाळ्या तोडून घेतो, असं सांगून तो गेला. ठकूबाईला कळलं की आता विहीर तुटणार. पण त्याहून मोठं भय दुसरं होतं. ज्या माणसानं चोवीस वर्षं पाण्यात एक थेंब इकडचा तिकडं केला नाही, तो गावात पाणीचोर म्हणून मरणार होता, आणि का, हे त्याला स्वतःला कधीच कळणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जीप पकडून ती एकटी नारायणगावला गेली. डॉक्टरांनी तिचं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, डोळे चांगले आहेत त्यांचे. पण मेंदूचा जो भाग मेला, तो डाव्या बाजूचं जग सांभाळत होता. डावीकडं काही आहे, हेच त्यांच्या मनाला उमगत नाही, म्हणून आपलं काही चुकतंय हेसुद्धा उमगत नाही. ते खोटं बोलत नाहीत. जिथं आठवण राहत नाही तिथं मन आपोआप काहीतरी जुळवून घेतं, आणि त्यांना ते खरंच वाटतं.

सुधारेल का, असं तिनं विचारलं. डॉक्टर म्हणाले, थोडंफार सुधारतं, पण सगळं परत येईल असं धरून चालू नका.

तिनं हे चिठ्ठीवर लिहून मागितलं. रखमाजीनं ती इंग्रजी चिठ्ठी खालीवर फिरवली आणि परत दिली. तो रागावलेला दिसत नव्हता, थकलेला दिसत होता. ठकूबाईनं चिठ्ठी पदराला बांधली.

"एक डाव पाण्यामागं फिरा भावजी," ती म्हणाली. "पुन्हा काय मागणार न्हाई."

"बापानं नगं म्हणून सांगितलंय."

"मामंजींनी संशयानं फिरू नगा म्हणलं व्हतं. संशय तर तुमी घेऊन बसलात. आता तो फेडायला फिरा."

पाळीच्या सकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं की वरच्या अंगाला पाट फुटलाय, आज खालच्या बांधाकडून भरत वर जाऊ. गेणभाऊ कुरकुरला. आमच्या घरात असं कुणी भरलं नाही, म्हणाला. पण गेला. आता त्याचं तोंड विहिरीकडे होतं. रखमाजीचे वाफे त्याच्या उजव्या हाताला आले होते आणि स्वतःचे डाव्या. डावीकडच्या बांधावर, तीन हातांवर, रखमाजी उघड्या उन्हात उभा होता.

गेणभाऊनं पहिला वाफा उघडण्यासाठी खोरं टाकलं आणि थांबला. वाकून त्यानं एक रोप चिमटीत धरलं.

"ह्यो रखमाचा कांदा," तो म्हणाला. "असा का पडलाय? अगं, पाणी न्हाई ह्याला. कवाधरनं न्हाई." त्याचा आवाज चढला. "कुण्या मुडद्यानं वाळवला? रखमा बाजाराच्या पाठी, त्याला काय कळतंय. त्यानं माझ्या जिवावर सोडलंय."

ठकूबाईनं रखमाजीकडे पाहिलं नाही. तिच्यानं पाहवलं नाही.

गेणभाऊ आखडलेल्या हाताच्या मनगटावर खोऱ्याचा दांडा तोलून घाईघाईनं माती ओढू लागला. एक वाफा भरला, तो पुढच्या उजव्याकडे सरकला, मग त्याच्या पुढच्या. पाय ओढत, तोंडानं पुटपुटत, त्यानं भावाचे अकरा वाफे काठोकाठ भरले. स्वतःच्या एकाही वाफ्याचं तोंड उघडलं नाही. रखमाजी बांधावरून त्याच्या बरोबरीनं चालत होता, एकदा खोकलासुद्धा. गेणभाऊनं उजवीकडे वळून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागला.

अकराव्या वाफ्यापाशी रखमाजी बांध उतरला, पाट ओलांडून भावाच्या उजव्या अंगाला आला आणि त्यानं खोऱ्याच्या दांड्याला हात घातला.

"दादा, दे."

गेणभाऊनं दांडा सोडला नाही. भावाला एकाएकी समोर पाहून तो गोंधळला. चोवीस वर्षांत रखमाजीनं पाटात पाय ठेवला नव्हता.

"रखमा," तो हळूच म्हणाला, "तुला संशय आला व्हय?"

खोरं काढून घेतलं नाही तर दोघांचीही शेती बुडणार होती. काढून घेतलं तर बापाच्या शब्दाप्रमाणं त्याचा अर्थ एकच होता. त्यानं दांडा ओढून घेतला, ठकूबाईच्या हातात दिला आणि म्हणाला, "हात एकच ऱ्हाऊ द्या, वैनी. तुमचा."

मग तो खालच्या बांधानं निघून गेला. नवी मोटार बसली नाही, तलाठीही आला नाही. पिवळ्या कांद्यातला निम्मा जगला. सरूबाईनं येऊन जावेचे पाय धरले. गेणभाऊला पाणीचोर म्हणू लागलेल्या गावानंही चूक कबूल केली, आणि ठकूबाईला वाटलं होतं की एवढं झालं म्हणजे संपेल.

पण गेणभाऊच्या डोक्यात त्यातलं काहीच टिकलं नाही. आठव्या दिवशी मोटार सुरू झाली की तो खोरं शोधत उठायचा. ती सांगायची, आता मी धरते दारं. का, असं तो विचारायचा. पहिल्यांदा तिनं खरं सांगितलं. तो म्हणाला, डावीकडचं काय दिसत नाही? सगळं तर दिसतंय. दुसऱ्यांदा तिनं तब्येतीचं निमित्त केलं. कोणतंही निमित्त केलं तरी तो शेवटी तिथंच यायचा. रखमाला संशय आला का गं? दर पाळीला हा घाव त्याला नव्यानं बसायचा, पहिल्यांदा बसावा तसा, आणि तो घालायला तिच्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं. कधी रखमाजी येऊन समोर बसायचा आणि नाही रे दादा, म्हणायचा. गेणभाऊला पटायचं. आठ दिवसांनी ते पटणंही पुसलेलं असायचं.

२००१चा उन्हाळा लागला तरी हेच चाललं होतं. मग ती त्याला आपल्याबरोबर मळ्यात नेऊ लागली. विहिरीचं पाणी पडतं त्या थारोळ्याच्या कडेला, विहिरीकडे पाठ करून बसवायची. तो उजव्या वाफ्यांवर नजर ठेवून सांगायचा, हा भरला, तोंड बुजव, पुढचा घे. सांगण्यात चूक नसायची. ती बुजवायची आणि डावीकडचा उघडायला वळायची. दोन हातांवर वाकलेली असायची, खोऱ्याचा आवाज व्हायचा, बांगड्या वाजायच्या. गेणभाऊ मान उजवीकडे वळवून सगळा मळा धुंडाळायचा.

"ठकू? अगं, कुठं गेलीस?"

"हितंच हाये."

आवाज ऐकून तो आणखी उजवीकडे वळायचा. जागेवरून अर्धवट उठायचा, पाय ओढायचा, पुन्हा हाक मारायचा. तिसऱ्या हाकेला त्याचा आवाज लहान मुलासारखा व्हायचा. ती पुन्हा पुन्हा म्हणायची, हितंच हाये, हितंच हाये. रखमाजीचा वाफा अजून अर्धाच भरलेला असायचा, आणि तो भरेपर्यंत तिला तिथून हलता येत नव्हतं.